रक्तातली पत्रिका

दिवाळीच्या दिवसांत आजारपणाविषयी लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे आणि तो चुकीचा नाही. फराळाचे ताट पुढ्यात असावे, दारात पणती तेवत असावी, आणि हौसेने अंकाचे पान उघडावे तर त्यातून औषधाचा वास यावा, हे कुणाला आवडेल? पण आमच्या घरच्या चकलीत दोन वर्षांपासून मीठ निम्मेच पडते, आणि त्या न पडलेल्या मिठाची हकीकत दिवाळीचीच आहे. ती सांगितल्याशिवाय मला दुसरे काही लिहवत नाही, म्हणून वाचकांची आधीच क्षमा मागून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात माझ्या आईला दम लागू लागला. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जायचे तर ती मध्ये चौकटीला धरून उभी राही. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, दोहोंच्या तीन झाल्या. पायांवर बोट दाबले की खळगा तसाच राही. "वय झालं," असे ती म्हणे. वय बाहत्तर. शेवटी एके दिवशी बळेच तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाचे चित्र काढले, रक्त घेतले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात एक कागद आला. त्यावर एनटी-प्रोबीएनपी अशी काहीशी अक्षरे होती, त्यांच्यापुढे ६,२४० हा आकडा होता, आणि शेजारी बारीक छापात नेहमीची मर्यादा दिली होती, १२५.

खाली आजाराचे नाव होते, हार्ट फेल्युअर. आता मी पडलो शाळामास्तर. माझे शिक्षण मॅट्रिक आणि वर चित्रकलेची पदविका. मॅट्रिकही ऑक्टोबरची वारी करून पदरात पडलेले. 'फेल' या शब्दाशी माझा जन्माचा परिचय आहे. शिवाय आपल्या गावाकडे 'हार्ट फेल झाले' असे म्हणतात ते माणूस गेल्यावर. आई तर बाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या बाईला माहेरचे गाव विचारीत होती. डॉक्टरांनी समजूत घातली की, हृदय बंद पडलेले नाही, ते थकले आहे; जेवढे रक्त पुढे ढकलायला हवे तेवढे त्याच्याने ढकलवत नाही, म्हणून पाणी मागे साचते, पायांत आणि फुफ्फुसांत.

त्या आकड्याचा अर्थ मी पुढे हळूहळू वाचून, विचारून समजून घेतला. हृदय म्हणजे रक्ताचा पंप, एवढेच मला शाळेत शिकवले होते. हृदय पत्रेही धाडते, हे कुणी सांगितले नव्हते. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले. म्हणजे ताण पडलेले हृदय मूत्रपिंडांना निरोप धाडते की, बाबांनो, मीठ बाहेर टाका, पाणी बाहेर टाका, मला हा भार सोसवत नाही. १९८८ साली जपानात हिसायुकी मात्सुओ, केंजी कांगावा आदी संशोधकांना अशाच जातीचे आणखी एक द्रव्य डुकराच्या मेंदूत सापडले, आणि त्याच्या नावात मेंदू येऊन बसला तो कायमचा. मागाहून कळले की, त्याचे खरे माहेर हृदयच. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या की ते अधिक पाझरते.

हा निरोप आधी १०८ दुव्यांच्या साखळीसारखा तयार होतो. जपमाळेत मणी असतात तितकेच हे दुवे, हा योगायोग आईला पुढे फार आवडला. मग ही साखळी तुटते. ३२ दुव्यांचा तुकडा हे खरे पत्र. उरलेला ७६ दुव्यांचा तुकडा म्हणजे त्याचे पाकीट. पत्र आपले काम करते आणि वीसेक मिनिटांत रक्तातले निम्मे नाहीसे होते. पाकीट त्याहून जास्त वेळ रेंगाळते. प्रयोगशाळा मोजते ती बहुधा ही पाकिटे, तीही पिकोग्रॅममध्ये. आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग! माझ्या आईच्या हृदयाने किती पत्रे धाडली होती आणि ती कोणी वाचली नव्हती, त्याची ती मोजदाद होती.

हे मोजण्याचा उपयोग फार मोठा आहे, यात शंका नाही. दम लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ माणसांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दम हृदयाचा की फुफ्फुसांचा, हे या चाचणीच्या एका ठरलेल्या आकड्यावरून शंभरांतल्या सुमारे त्र्याऐंशी जणांच्या बाबतीत बरोबर ओळखता आले. आकडा अगदी लहान असेल तर हृदय बहुतेक निर्दोष सुटते आणि डॉक्टर दुसरीकडे शोध घेऊ लागतात. पण आकडा मोठा असेल तर तो आजच्यापुरते बोलून थांबत नाही. तो पुढचेही काही सुचवतो. ज्यांचा आकडा मोठा, त्यांच्यात पुन्हा दवाखान्यात येणारे आणि लवकर जग सोडणारे अधिक.

आणि हे एकट्या हृदयाचे राहिलेले नाही. रक्तातली साखर तीन महिने कशी वागली, त्याची हजेरी तांबड्या पेशी ठेवतात आणि पुढच्या दुखण्यांची चाहूल देतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते आणि इजा किती गंभीर ते सांगते. विस्मरणाच्या अल्झायमर या आजाराची खूण रक्तात पाहणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेत २०२५ साली सरकारी परवानगी मिळाली. आपल्या आजोबांच्या काळी पुढचे जाणायचे तर पत्रिका घेऊन जोशीबुवांकडे जावे लागे. आता पत्रिका आपल्या अंगातच वाहते आहे, आणि ती वाचायला दंडातून एक बाटलीभर रक्त पुरते.

त्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारात थबकून हळूच विचारले, "पुढे काय?"

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, एवढा आकडा असलेल्यांत बरेच जण पुन्हा दाखल होतात, काही लवकर जातात. पण तुमच्या आईंचं नेमकं मी काय सांगू? औषधं सुरू करू. महिन्याने परत बघू."

या बोलण्याची चार वाक्ये होती. माझ्या कानांनी पहिलेच ऐकले. मी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि बाहेर येऊन आईला म्हणालो, "रक्त थोडं कमी आहे. गोळ्या घ्यायच्या आणि मीठ कमी खायचं." हे खोटे बोलताना मला काडीचेही वाईट वाटले नाही. उलट आपण एक मोठे ओझे एकट्याच्या खांद्यावर घेतले आहे, अशा काहीशा पवित्र भावनेने मी घरी आलो आणि तो कागद माझ्या अपुऱ्या कादंबरीच्या बाडात ठेवून दिला.

तो कागद नेमका तिथे ठेवला गेला, याचे मला आज नवल वाटत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला एक वाईट खोड असते. कोणते पात्र कोणत्या प्रकरणात मरणार, हे त्याला आधी ठाऊक असते, आणि ते ठाऊक झाले की तो दहाव्या पानापासून त्या पात्राभोवती संध्याकाळ रंगवू लागतो. मी आईचे तसेच केले. मी तिच्याशी वाद घालायचे सोडले. तिच्या बोलण्यावर फार हळुवारपणे हसू लागलो. तिचे फोटो काढून ठेवू लागलो. अंगणात पारिजातकाचे रोप लावायचे तिच्या फार दिवस मनात होते. ते आणायला मी टाळाटाळ केली, कारण मनात येई, आता फुले पाहणार कोण? पुढच्या वर्षीच्या कुठल्याही गोष्टीत तिचे मत विचारणे बंद झाले. आकडा तिच्या रक्तात होता. ताप मात्र मला चढला होता.

मग दिवाळी आली. आईचे माहेर चिपळूणजवळच्या एका खेड्यात. आम्ही कराडला राहतो. मामा तिच्याहून सहा वर्षांनी मोठे. गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास होत नसे, म्हणून दर भाऊबीजेला आईच एसटीने कुंभार्ली घाट उतरून जाई आणि त्यांना ओवाळून येई. औषधांनी तिची सूज तोवर पुष्कळ उतरली होती, दमही कमी झाला होता. ती पिशवी भरू लागली. मी म्हणालो, "यंदा नको, आई. घाटात रस्ता फार खराब आहे."

रस्ता कसा आहे याची मी चौकशीही केली नव्हती. डॉक्टरांना विचारले असते तर कदाचित त्यांनी मोटारीने सावकाश जायला सांगितले असते. मी तेही विचारले नाही. आईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पिशवीतला नारळ काढून ठेवला. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती तबक घेऊन गच्चीवर गेली आणि तिने चंद्राला ओवाळले. भाऊ नसलेल्या बायका तसे ओवाळतात. तिचा भाऊ घाटाखाली आपल्या ओटीवर बसून होता.

इथे मला माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हा अपराध मी पूर्वीही केला होता, फक्त त्या वेळी तो ओळखला नव्हता. आमच्या शाळेत मास्तर कमी आणि तास जास्त, म्हणून नववीचे मराठीही माझ्या गळ्यात असते. काही वर्षांपूर्वी एका मुलाचे सहामाहीचे गुण पाहून मी मनाशी ठरवले की, हा काही वर चढत नाही. मी त्याला रागावलो नाही, मारले नाही. फक्त प्रश्न विचारायचे सोडले. तो मान खाली घालून बसे आणि मी त्याच्यावरून नजर पुढे नेत असे. वार्षिक परीक्षेत तो नापास झाला, आणि आपला अंदाज किती अचूक निघाला याचे मला थोडे समाधानच वाटले! तो अंदाज खरा ठरण्यात माझा हातभार किती होता, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. माझ्याविषयीही कुणा गुरुजींनी असेच ठरवले असते तर ऑक्टोबरची वारी मला घडली नसती.

जोशीबुवांचे भविष्य आणि रक्तातले भविष्य यांत मोठा फरक आहे, तो मला इथे दिसतो. जोशीबुवा एका माणसाविषयी बोलतात: तुमचे असे होणार. रक्ताचा आकडा हजार माणसांविषयी बोलतो: अशांपैकी इतक्यांचे असे होते. त्या हजारांत माझी आई कोणत्या बाकावर बसली आहे, ते त्याला माहीत नसते. शिवाय आकड्याला अनेक वाटा फुटतात. वय वाढले की तो वाढतो. मूत्रपिंडे मंदावली की वाढतो. स्थूल माणसात तो कमी दिसतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तो बदलतो. पत्रिकेतला शनी गोळ्या घेतल्याने हलत नाही. आईचा महिन्याभरानंतरचा आकडा ३,१०० होता आणि पौषात तो १,९०० वर आला होता. मधुमेहासाठी निघालेले एक औषध थकलेल्या हृदयालाही उपकारक आहे, हे २०१९ साली सिद्ध झाले होते. ती गोळीही तिच्या डबीत होती.

पण आकडा खाली आणणे हेच जीवनाचे ध्येय होऊन बसले, तर तोही एक भ्रमच. अमेरिका आणि कॅनडात ८९४ रोग्यांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे औषध हा आकडा १,००० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवून दिले. निम्म्यांचे नेहमीच्या काळजीने, माणूस तपासून दिले. प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण फरक दिसेना. हृदयविकाराने मरण पावलेले किंवा या आजारासाठी पुन्हा दाखल झालेले दोन्हीकडे शंभरांत सदतीसच. चांगल्या वैद्याने माणसाकडे नीट पाहिले, तर आकड्याच्या मागे धावणाऱ्यापेक्षा तो मागे पडला नाही. हे वाचले तेव्हा मला वर्गातला तो मुलगा आठवला. मी गुण पाहिले होते, त्याला पाहिले नव्हते.

पौषातच एके पहाटे चिपळूणहून फोन आला. मामा रात्री जेवून झोपले होते, ते उठले नाहीत. त्यांचे रक्त कधी कुणी तपासले नव्हते. त्यांच्या नावाचा कसलाही कागद कुठल्याच बाडात नव्हता. आम्ही मोटार करून निघालो. घाटातला रस्ता चांगला होता. दुपारच्या आत आम्ही पोहोचलो आणि आईला काहीही त्रास झाला नाही.

परत आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन बसली.

"त्या दिवशी दवाखान्यात कागद खिशात घातलास, त्यात काय होतं रे?"

म्हणजे तिने तेव्हाच पाहिले होते. मी बाड सोडले, कागद काढला आणि सगळे सांगितले. डॉक्टरांची चारही वाक्ये सांगितली. तिने कागद हातात घेऊन आकड्यावरून बोट फिरवले. रडली नाही, घाबरली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "मग दिवाळीला जायलाच हवं होतं की रे."

या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. आकडा एकच होता. मी त्यावरून हिशेब केला की, दिवस थोडे आहेत, तेव्हा तिला जपून घरात ठेवावे. तिने हिशेब केला की, दिवस थोडे आहेत, तेव्हा भावाला भेटून यावे. दोघांपैकी तिचाच हिशेब बरोबर होता, कारण दिवस तिचे होते. किती दिवस, याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात. त्या दिवसांचे काय करायचे, हे जिचे तिलाच ठाऊक. मी मायेच्या नावाखाली तिच्या हातून तेच काढून घेतले होते.

तर मग प्रत्येकाला सगळे सांगून टाकावे काय? तसेही मला म्हणवत नाही. हंटिंग्टन नावाचा एक आजार आहे. तो आईला किंवा बापाला असला की प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा. १९९३ साली त्याचे जनुक सापडले आणि रक्ताच्या एका चाचणीने निकाल कळू लागला. तरीही ज्यांच्यावर ही टांगती तलवार आहे, त्यांतले बहुतेक लोक ती चाचणी करून घेत नाहीत. त्या आजाराला थोपवणारा उपाय हाती नाही, आणि निकाल उराशी घेऊन वीस-वीस वर्षे जगणे त्यांना नको असते. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. जाणून घेणे हा जसा हक्क आहे, तसा न जाणणे हाही आहे. आईच्या आजारावर गोळ्या होत्या, पथ्य होते, आकडा उतरत होता; इथे जाणण्याला अर्थ होता. पण तिलाही ऐकायचे नसते, तर तो तिचा अधिकार होता.

मला वाटते, त्या दिवशी बाकाजवळ येऊन मी एवढेच म्हणायला हवे होते, "आई, कागद आला आहे. तुला ऐकायचंय का?" यावर कुणी म्हणेल की, असे विचारणे म्हणजे निम्मे सांगण्यासारखेच, ज्याचा निकाल चांगला, त्याला कोणी असे विचारीत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ती कशी सोडवावी हे माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीला उमगलेले नाही. पण निम्मे सांगून उरलेले तिच्यावर सोपवणे आणि सगळे लपवून तिचे निर्णय आपण घेणे, यांत काय निवडावे, एवढे मला आता कळते.

त्यानंतर फाइल आईकडेच असते, पोथीच्या खालच्या फडताळात. दवाखान्यात ती आपणच आत जाते आणि "यंदा आकडा काय म्हणतो?" असे डॉक्टरांना विचारते, शेतकऱ्याने पावसाचे विचारावे तसे. तो कधी थोडा वर जातो, कधी खाली येतो. पारिजातक लावला आहे. गेल्या श्रावणात त्याची पहिली फुले तिने वेचली. वर्गात मी आता मागच्या बाकापासून प्रश्न विचारायला सुरुवात करतो. भाऊबीजेला ती अजून गच्चीवर जाते. मी सोबत जातो, पण बोलत नाही.

यंदाची भाजणी तिने पाटावर बसून आमच्या सौभाग्यवतीकडून भाजून घेतली. पीठ भिजवायच्या वेळी मिठाचे भांडे तिने आपल्याकडे ओढले. किती घातले, ते मी पाहिले नाही.